इरल्याला सक्ती लागत नाही, मग हेल्मेटला का लागते?

मृगाचा पाऊस धरला की जव्हार-मोखाड्याच्या कुठल्याही पाड्यावर जाऊन बघा. आवणीला निघालेली बाई घराबाहेर पडतानाच इरले उचलते. कामट्यांचे आणि पानांचे इरले आता कमी झाले, प्लॅस्टिकचा कागद आला; पण डोके-पाठ झाकल्याशिवाय कुणी खाचरात उतरत नाही. यासाठी तहसीलदारांनी कधी परिपत्रक काढले नाही. कुणी पावती फाडली नाही. इरल्यावाचून दिसेल त्याचा फोटो कुणी मोबाईलवर काढला नाही.

आता त्याच घरातला मुलगा मोटारसायकल काढून त्र्यंबकच्या बाजूला निघतो. हेल्मेट घरात असलेच तर ते खुंटीला. सोबत घेतलेच तर आरशाला, नाहीतर कोपराला अडकवलेले. पुढे नाका आला, खाकी दिसली, की डोक्यावर चढते. नाका मागे पडला की पुन्हा कोपराला. आपल्याकडे बोहाड्यात सोंग चढवतात आणि नाचून झाले की उतरवतात, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की बोहाड्याचे सोंग देवासाठी असते, हे पोलिसासाठी.

शेतकरी बंधूंनो, तुम्ही म्हणाल, पाऊस रोज पडतो, अपघात रोज होत नाही. बरोबर आहे. इरले नाही घेतले तर पाच मिनिटांत कळते. हेल्मेट नाही घातले तर दहा वर्षे काहीच कळत नाही, आणि ज्या दिवशी कळते त्या दिवशी सांगायला माणूस उरत नाही. सक्तीचा सगळा वाद या फरकातून निघाला आहे.

कायदा काय सांगतो

मोटार वाहन कायदा 1988 चा. त्याचे कलम 129 सांगते की दुचाकी चालवणाऱ्याने आणि मागे बसणाऱ्यानेही प्रमाणित हेल्मेट घातले पाहिजे. 2019 च्या दुरुस्तीनंतर चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हे लागू आहे. पगडी बांधणाऱ्या शीख बांधवांना त्यातून सूट आहे. केंद्राच्या कायद्यात दंड 1000 रुपये आणि वर तीन महिने परवाना अपात्र. नऊ महिने ते चार वर्षांच्या लेकरासाठी फेब्रुवारी 2023 पासून वेगळा नियम आला: लहान मापाचे हेल्मेट, चालकाला जोडलेला सुरक्षा पट्टा आणि गाडीचा वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत. हा नियम आपल्या किती पाड्यांपर्यंत पोचला, ते तुम्हीच सांगा.

कायदा शहर आणि खेडे असा भेद करत नाही. मरणही करत नाही. केंद्र सरकारच्याच रस्ते अपघात अहवालात 2022 सालचा आकडा आहे: हेल्मेट न घातलेले 50,029 जण त्या एका वर्षात देशात दगावले. त्यात 35,692 चालवणारे होते आणि 14,337 मागे बसलेले. म्हणजे "मी कुठे चालवतोय, मी तर मागे बसलोय" या बोलण्यात अर्थ नाही. जगभरातल्या अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला तेव्हा असे दिसले की हेल्मेटने डोक्याला मार लागण्याचा धोका सुमारे 69 टक्क्यांनी आणि मरणाचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी कमी होतो. शंभर टक्के नाही, हे लक्षात ठेवा. हेल्मेट म्हणजे काही मंत्रवलेला ताईत नव्हे. पण बियाण्याच्या उगवणीत एवढा फरक पडत असता, तर आपण ते बियाणे मागायला रांग लावली असती.

गाऱ्हाणे खोटे नाही

तरीही लोक चिडतात, आणि ती चीड उगाच नाही. ती आधी नीट मांडली पाहिजे.

पहिली गोष्ट पैशाची. बरे हेल्मेट सातशे-हजार रुपयांच्या घरात जाते. 2025-26 साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. म्हणजे एका डोक्यासाठी जवळपास तीन दिवसांची मजुरी, आणि गाडीवर डोकी दोन.

दुसरी गोष्ट गाडीची. शहरात मोटारसायकल ही एका माणसाची गाडी. आपल्याकडे तीच बाजाराची बैलगाडी, तीच शाळेची बस आणि अडीअडचणीला तीच रुग्णवाहिका. पहाटे धुक्यात मोगऱ्याच्या कळ्यांची पिशवी तिच्यावरून जाते. दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जगायला निघालेले जोडपे भांड्याकुंड्यांसह तिच्यावरूनच जाते. जिथे रस्ताच नाही तिथे तर तीही जात नाही. ऑगस्ट 2022 मध्ये मोखाड्यातल्या मर्कटवाडीहून एका बाळंतिणीला झोळी करून न्यावे लागले, ही बातमी सगळ्या राज्याने वाचली. अशा ठिकाणचा माणूस म्हणतो, "सरकारला माझं डोकं दिसतं, माझा रस्ता का दिसत नाही?" या प्रश्नाला उत्तर द्यावेच लागेल.

तिसरी गोष्ट सक्त्यांच्या गर्दीची. रेशनला गेलात तर अंगठा लावा. यंत्राला रेंज नाही, तर उद्या या. रोजगार हमीच्या कामावर मोबाईलच्या ॲपवर दिवसातून दोनदा फोटो काढून हजेरी आली. 1 जानेवारी 2023 पासून वैयक्तिक लाभाची कामे सोडून सगळीकडे ती सक्तीची झाली. 1 एप्रिल 2019 च्या आधीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवा म्हणून राज्यात फर्मान निघाले. दुचाकीला आणि ट्रॅक्टरला 450 रुपये, वर जीएसटी. मुदत 2025 सालात पुन्हा पुन्हा वाढवावी लागली. या सगळ्याच्या वर हेल्मेट आले की माणूस म्हणतो, "हीही एक कटकट." सगळ्या सक्त्या एकाच दावणीला बांधल्या जातात. आणि चूक नेमकी इथे होते.

हा वाद जुना आहे

सुरक्षेच्या नावाखाली सरकारने घरात घुसावे का, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. 1897 साली पुण्यात प्लेग आला. रोग खरा होता, माणसे मरत होती, त्यामुळे रोगी शोधून वेगळे करणे गरजेचेच होते. पण गोऱ्या शिपायांनी देवघरात आणि माजघरात घुसून झडत्या घेतल्या. लोकांचा संताप अनावर झाला आणि 22 जून 1897 च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. हेतू रोग थांबवण्याचा असला तरी रीत अपमानाची असेल, तर लोक औषधालाही शत्रू मानतात. सरकारी माणसाने ही गोष्ट विसरू नये.

त्याच पुण्यात हेल्मेटवरून आजवर जेवढी भांडणे झाली तेवढी राज्यात दुसरीकडे क्वचितच झाली असतील. जुलै 2016 मध्ये तेव्हाचे परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी "हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही" असे जाहीर केले. पंपवाल्यांनी आणि लोकांनी विरोध केला, आणि काही दिवसांतच सरकारला मागे यावे लागले. जानेवारी 2019 मध्ये पुण्यात पुन्हा सक्ती सुरू झाली तेव्हा लोक हेल्मेटऐवजी पुणेरी पगड्या घालून दुचाकीवर निघाले. विलायतेत तर 1973 च्या हेल्मेट कायद्याविरुद्ध फ्रेड हिल नावाचा म्हातारा पुन्हा पुन्हा तुरुंगात गेला आणि 1984 साली तुरुंगातच वारला.

म्हणजे "माझे डोके, माझा निर्णय" हे म्हणणे वेड्याचे नाही. त्याला तत्त्व आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढेही ते गेले. अजय कानू विरुद्ध भारत सरकार या खटल्यात हेल्मेटच्या सक्तीने फिरण्याच्या स्वातंत्र्यावर घाला येतो, असा दावा होता. न्यायालयाने 1988 साली तो फेटाळला. हेल्मेट घातल्याने फिरणे थांबत नाही, ही तरतूद त्या माणसाच्याच जिवासाठी आहे, असा निकालाचा आशय होता.

डोके राखणारी सक्ती आणि पाळत ठेवणारी सक्ती

आता मुद्द्यावर येऊ. सगळ्या सक्त्या एका मापाने मोजू नका.

हेल्मेट तुमच्याबद्दल कुणाला काही सांगत नाही. तुम्ही कुठे गेलात, किती वाजता परतलात, कोणाला मागे बसवले होते, याची नोंद त्याच्यात होत नाही. त्याला रेंज लागत नाही, आधार जोडावे लागत नाही, ओटीपी येत नाही. यंत्र बिघडले म्हणून तुमचे धान्य किंवा मजुरी अडत नाही. ते डोक्यावर बसते आणि पडलात तर स्वतः फुटते. बाहेरचे कवच आपटते, आतला थर्मोकोलसारखा थर चेपतो, आणि कवटीला बसायचा मार तो थर खातो. एवढेच त्याचे काम.

हजेरीचे ॲप किंवा अंगठ्याचे यंत्र ही वेगळी जात आहे. ती माणसाकडे बघते, नोंद ठेवते, आणि चुकली तर भुर्दंड तुम्हाला पडतो. तिथे प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने सांगितले आहे. तो हक्क दिल्ली-मुंबईच्या माणसाचा तेवढाच कातकरी वाडीवरच्या माणसाचा.

काही गोष्टी या दोन्हींच्या मधल्या असतात. 2019 पासून नव्या प्रवासी वाहनांना ठावठिकाणा सांगणारे यंत्र आणि धोक्याचे बटण बसवण्याचा नियम आला. रात्री एकट्या बाईने प्रवास केला तर ते बटण कामाचेच. पण घाटात जिथे टॉवरच नाही तिथे बटण दाबून निरोप कुणाला जाणार? यंत्राचे पैसे गाडीवाल्याने भरायचे, आणि टॉवरची जबाबदारी कुणाची, हे विचारायला नको का?

म्हणून सक्ती आली की तीन प्रश्न विचारा. हिच्याने जीव खरोखर वाचतो का? ही माझ्यावर पाळत ठेवते का? आणि सरकार आपला अर्धा वाटा उचलते का? हेल्मेटच्या बाबतीत पहिल्याचे उत्तर "होय", दुसऱ्याचे "नाही". भांडण उरते ते तिसऱ्यावर. ते जरूर करा, पण डोक्यात हेल्मेट घालून करा.

"माझे डोके, माझा निर्णय" याला आपल्याकडे आणखी एक उत्तर आहे. डोक्याला जबर मार बसला, मेंदूची शस्त्रक्रिया करायची वेळ आली, की इथून नाशिक नाहीतर ठाणे-मुंबई गाठावी लागते. जव्हारहून नाशिक सुमारे 80 किलोमीटर, मध्ये तोरंगणचा घाट. 108 ची गाडी 2014 पासून आहे, पण तिच्या चाकांनाही तोच रस्ता. या वाटेवर जे तास जातात ते मेंदूला परवडत नाहीत. माणूस वाचला तरी वर्षभर खाटेवर पडतो. मग भात कोण कापणार? नागलीची राखण कोण करणार? बायको एकटी भट्टीवर जाणार, पोरगा आश्रमशाळेतून काढून आणणार, आणि दागिना किंवा बैल विकला जाणार. डोके तुमचे एकट्याचे खरे, पण त्याच्यावर बांधलेले घर सगळ्यांचे आहे.

सरकारचा अर्धा वाटा

गावच्या कारभाऱ्यांनो, हा भाग तुमच्यासाठी. 2019 च्या त्याच दुरुस्तीत दंड फक्त आपल्यालाच लावलेला नाही. कलम 198 अ वाचा. रस्त्याची आखणी, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या सुरक्षेच्या मापाने केली नाही आणि त्यामुळे कुणी मेले किंवा अपंग झाले, तर जबाबदार अधिकारी, सल्लागार किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हेल्मेटच्या पावत्या तुम्ही पाहिल्या असतील. या कलमाखालची एक तरी पावती आपल्या तालुक्यात फाटलेली पाहिली आहे का? कायद्याने काटा दोन पारड्यांचा बनवला, पण आपल्याच पारड्यात वजन पडते. लोकांचा राग आहे तो इथे.

तेव्हा ग्रामसभेत हा विषय घ्या. दोन्ही तालुके पेसाखाली येतात. ग्रामसभेच्या शब्दाला 1996 च्या कायद्याने आणि राज्याच्या 2014 च्या नियमांनी वजन दिले आहे. आपल्या हद्दीत कुठल्या वळणावर कठडा नाही, कुठे रस्त्याची कड खचली, कुठे पावसात दरड येते, कुठे पांढरा पट्टा पुसला, याची यादी करा. ठराव करून बांधकाम खात्याला लेखी द्या आणि पोच घ्या. उद्या त्याच वळणावर कुणी गेले, तर "आम्हाला माहीत नव्हते" असे म्हणायला जागा राहणार नाही.

आणखी दोन गोष्टी गावात सांगितल्या पाहिजेत. रस्त्यावर पडलेल्याला उचलून दवाखान्यात नेणाऱ्याला कलम 134 अ चे संरक्षण आहे. त्याच्यावर जखमीच्या इजेबद्दल खटला होत नाही आणि नाव सांगायची सक्तीही करता येत नाही. "पोलिसाचं लफडं नको" म्हणून कुणाला पडलेले सोडून जाऊ नका. दुसरी गोष्ट म्हणजे मे 2025 मध्ये केंद्राने रस्ता अपघातातल्या जखमींसाठी विनारोकड उपचाराची योजना लागू केली. ठरवून दिलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतच्या उपचाराची तीत तरतूद आहे. आपल्याला जवळचे असे रुग्णालय कोणते, हे अपघात व्हायच्या आधी विचारून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून ठेवा.

तलाठीतात्या, ग्रामसेवक भाऊसाहेब, गुरुजी (कागदावर तुमची पदनामे बदलली तरी गावाच्या तोंडी हीच आहेत), एक विनंती. तुम्ही रोज दुचाकीवर गावात येता. तुमच्या डोक्यावर हेल्मेट दिसले नाही तर शंभर भाषणे वाया. आणि पोलीसदादांनाही सांगणे आहे की मोक्याच्या वळणाआड दबा धरून पावती फाडण्यापेक्षा पहिल्या खेपेला थांबवून समजावून सांगा. ज्याला पोरासारखे सांगितले तो ऐकतो. ज्याला चोरासारखे पकडले तो पुढच्या वेळी आडवाट शोधतो, आणि आडवाटेवर पडलेला कुणाला लवकर सापडतही नाही.

घ्यायचेच तर खरे घ्या

दंडापुरती घेतलेली टोपी काही कामाची नाही. व्हिएतनाम हा आपल्यासारखाच भातशेतीचा आणि दुचाक्यांचा देश. तिथे 15 डिसेंबर 2007 पासून हेल्मेट सक्तीचे झाले आणि थोड्याच दिवसांत जवळपास प्रत्येक डोक्यावर ते आले. जखमींची संख्याही घटली. पण मागाहून बाजारात टोपीसारखी स्वस्त, पोकळ हेल्मेटे आली आणि नवा घोर लागला. आपल्याकडे रस्त्याकडेला तसलाच माल मिळतो.

भारतात 1 जून 2021 पासून दुचाकीसाठी आयएसआय चिन्हाचेच हेल्मेट बनवता आणि विकता येते. घेताना आयएस 4151 हा आकडा पाहा. चिन्हाजवळ सीएम/एल अशी अक्षरे आणि पुढे परवान्याचा क्रमांक असतो. गावातल्या शिकलेल्या पोराला बीआयएस केअर या ॲपवर तो तपासायला सांगा. डोक्यावर चढवून मान हलवा. हेल्मेट डोक्याबरोबर फिरले पाहिजे, आत सैल फिरता कामा नये. हनुवटीचा पट्टा लावल्यावर एखादे बोट जेमतेम आत जावे. पट्टा न लावलेले हेल्मेट तुमच्या आधी दरीत जाते. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून चांगले दिसले तरी बदला, कारण आतला थर एकदाच चेपतो. कान झाकल्याने हॉर्न ऐकू येत नाही, हीही निव्वळ समजूत. हेल्मेटात वाऱ्याचा आवाजही तेवढाच कमी होतो. उकाडा होतो हे मात्र खरे. आत सुती फडके बांधा, घाम शोषतो.

पैशाला वाट काढता येते. बियाणे-खते आपण चार घरे मिळून आणतोच. बचत गटाने किंवा पाड्यातल्या वीस गाड्यांनी मिळून एका दुकानातून घेतली, तर भावात बोलता येते. लग्नात नवऱ्या मुलाला गाडी घेऊन देणाऱ्या सासऱ्याने सोबत दोन हेल्मेटे द्यावीत, एक जावयाचे, एक लेकीचे.

शेवटी इरल्याकडे परत येऊ. इरले आपल्याला कुणी शिकवले नाही, कारण पावसात भिजलेल्या पाठीने ते शिकवले. हेल्मेटचा धडा फुटलेल्या डोक्याने शिकायचा की शहाणपणाने, एवढेच आपल्या हातात आहे. सरकारशी भांडायचे आहे ना? जरूर भांडू. रस्त्यासाठी, कठड्यासाठी, टॉवरसाठी, दवाखान्यासाठी भांडू. पण ते भांडायला डोके शाबूत लागते.